रुईच्या फळातली माशी नेमकी कोण?

शहाद्याहून म्हसावदकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पपई, केळी, ऊस दिसत राहतो. आणि या सगळ्या बागायतीच्या कडेला, बांधावर, नाल्याच्या काठी, जिथे कुणी काही लावलेलं नाही तिथे रुई उभी असते. तुम्ही तिच्याकडे नीट बघितलं नसेल. शनिवारी मारुतीला माळ घालायची असली की तिची आठवण होते. नाहीतर लहानपणी तुम्ही हवेत तरंगणाऱ्या म्हाताऱ्या पकडल्या असतील, त्यांतल्या बऱ्याचशा हिच्याच फळातून उडालेल्या असतात. म्हातारी म्हणजे रुईचं बी आणि त्याला चिकटलेला रेशमी झुबका.

आता एक करून बघा. मार्च-एप्रिलमध्ये, फळ सुकून तडकायच्या आधी, एखादं हिरवं फळ तोडून उभं चिरा. (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हे गमतीत सांगत नाहीये.) बऱ्याच फळांमध्ये आत बिया खवल्यांसारख्या एकावर एक सुबक रचलेल्या दिसतील. काही फळांमध्ये मात्र बियांच्या जागी ओला भुगा असेल आणि त्यात पांढरट अळ्या वळवळत असतील. माझं गेल्या काही वर्षांचं काम या अळ्यांभोवती फिरतंय. त्या कुणाच्या, त्यांची माशी कोणती आणि तिला काय म्हणायचं, एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं.

आधी एक गोंधळ मिटवू. "फळमाशी" म्हटलं की अनेकांना फळांच्या टोपलीतल्या काळ्या केळ्याभोवती घोंगावणारी बारकी चिलटं आठवतात. ती ड्रोसोफिला. तिला सडलेलं, आंबलेलं फळ लागतं. मी ज्या माश्यांबद्दल लिहितेय त्या टेफ्रिटिडी कुळातल्या. घरमाशीच्या आसपासचा आकार, पंखांवर बहुधा नक्षी किंवा पट्टा, आणि मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची नळी. ही मादी झाडावरच्या धडधाकट फळाला टोचून आत अंडी घालते. म्हणून तर शेतकऱ्याला ती नको असते. फळ बाहेरून ठीक दिसतं, कापल्यावर कळतं. या कुळाच्या जगात सुमारे ५००० जाती आहेत आणि त्यांतल्या मोजक्याच शेतीला त्रास देतात. बाकीच्यांची कुणी चौकशी करत नाही. माझी माशी त्या बाकीच्यांतली.

शब्दांचंही सांगून टाकते. मराठीत "प्रजाती" हा शब्द हल्ली सरसकट स्पीशीजसाठी वापरला जातो. मी इथे जुन्या पाठ्यपुस्तकांसारखं लिहिणार आहे: जाती म्हणजे स्पीशीज, प्रजाती म्हणजे जीनस. आंबा या जातीची प्रजाती मँजिफेरा, तसं.

हे काम आपल्याला गंभीरपणे घ्यायला हवं असं मला पहिल्यांदा वाटलं ते एका पपईच्या बांधावर. मी रुईची फळं पिशवीत भरत होते. शेताचे मालक आले, वयस्कर गृहस्थ. त्यांनी चिरलेलं फळ हातात घेतलं, अळ्या बघितल्या आणि विचारलं, "मॅडम, हीच माशी माझ्या पपईवर जाते ना? मग ही सगळी रुई तोडून टाकतो." मी म्हणाले, "आबा, थांबा, आधी मला बघू द्या कोण आहे ती." त्यांना ते उत्तर काही फारसं आवडलं नाही. अळी ती अळी, त्यात बघायचं काय? पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याकडे दुसरं प्रामाणिक उत्तर नव्हतं.

कारण अळीवरून फारसं काही सांगता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं की फळात दोन प्रकारच्या अळ्या असू शकतात. ज्या अळीला तपकिरी, टणक डोकं दिसतं ती भुंग्याची. रुईच्या बिया खाणारा एक सोंड्या भुंगा आहे, पॅरामेकॉप्स फॅरिनोसस नावाचा. आणि जिला डोकं असं नाहीच, पुढचं टोक निमुळतं, त्यात दोन काळे बारीक आकडे आणि मागचं टोक बोथट, ती माशीची. फळमाशीची पूर्ण वाढलेली अळी आणखी एक करामत करते: शरीर वाकवून तोंडाने शेपूट पकडते आणि सोडते, की उडालीच टणकन. प्रयोगशाळेत पहिल्यांदा बघणारा दचकतोच.

त्यामुळे अळीची माशी होईपर्यंत थांबावं लागतं. फळं जाळीदार झाकणाच्या बरणीत, खाली ओलसर वाळू. फळमाश्यांच्या अळ्या वाढ पूर्ण झाली की मातीत शिरून कोष करतात, त्यांना इथे वाळू मिळते. मग गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष चाळून वेगळे करायचे आणि रोज सकाळी बघत राहायचं.

इथे मी पहिल्या वर्षी माती खाल्ली. पहिली माशी बाहेर आल्याच्या आनंदात मी ती त्याच सकाळी अल्कोहोलमध्ये टाकली. नुकती कोषातून निघालेली माशी फिकट, मऊ आणि जवळजवळ बिनरंगाची असते. छातीवरचे पिवळे ठिपके, पंखाच्या कडेची काळी पट्टी, पोटावरच्या खुणा हे सगळं उमटायला तीन ते पाच दिवस लागतात, आणि तोवर तिला साखरपाणी देऊन जिवंत ठेवावं लागतं. ओळखीचा निम्मा आधार रंगखुणांचा. त्या नसल्यामुळे मी ओळखीच्या तक्त्यात दुसऱ्याच फाट्यावर गेले आणि दोन आठवडे एका भलत्याच जातीचं नाव लावून बसले. मार्गदर्शक सरांनी बाटली उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "ही किती तासांची होती?"

आता ओळखीचा तक्ता म्हणजे काय ते सांगते, कारण वर्गीकरणशास्त्राचा सगळा कणा तोच आहे. तक्त्यात प्रत्येक पायरीवर दोन पर्याय असतात. पंखावर पट्टा सलग आहे की तुटलेला? सलग असेल तर पायरी सातवर जा, तुटलेला असेल तर बारावर. असं करत करत शेवटी एका नावापाशी पोचता. द्वीपकल्पीय भारतातल्या आणि अंदमान-निकोबारच्या फळमाश्यांसाठी के. जे. डेव्हिड आणि एस. रमणी यांनी २०११ साली 'झूटॅक्सा' या नियतकालिकात सचित्र तक्ता छापला. माझ्या टेबलावर त्याची प्रत आहे, चहाच्या डागांसकट. त्याआधी आपल्याकडचे लोक बहुतेक करून इटालियन कीटकशास्त्रज्ञ मारिओ बेझी याच्या १९१० च्या दशकातल्या लिखाणापासून सुरुवात करायचे. पेरूवर येणारी बॅक्ट्रोसेरा करेक्टा ही बेझीनेच १९१६ मध्ये नाव दिलेली.

नंदुरबारच्या बागांमध्ये भेटणाऱ्या माश्यांवर हा तक्ता चालवून बघू. आंब्याची माशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस: छाती गडद, पंखाच्या पुढच्या कडेला सलग काळी पट्टी, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी खूण. तिची बहीण झोनाटा: अंग तांबूस, पट्टी नाहीच, पंखाच्या टोकाला फक्त एक ठिपका. करेक्टाच्या पंखावरही टोकाला ठिपका असतो, पण तिची छाती गडद आणि चेहऱ्यावरचे काळे डाग आडवे लांबलेले. कारली, दोडका, काकडीवरची झ्युगोडॅकस कुकुर्बिटी ओळखायला सगळ्यात सोपी, छातीवर तीन पिवळ्या रेघा. एकदा डोळा बसला की चालत्या गाडीतून नाही, पण भिंगातून दहा सेकंदांत सांगता येतं.

रुईतली माशी यांतली एकही नाही. ती काहीशी गांधीलमाशीसारखी दिसते. आणि तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे प्रजातीच बदलते.

माशीचं पोट वरून बघितलं तर आडव्या पट्ट्यांचं बनलेलं दिसतं. आंब्याच्या माशीत या पट्ट्या एकमेकींवर सरकू शकतात, जुन्या लोखंडी शटरच्या पात्यांसारख्या. डॅकस या प्रजातीत मात्र त्या एकजीव होऊन अख्खी एक कवटी झालेली असते. सांध्याच्या रेघा दिसतात, पण हालचाल नाही. कळायचं कसं? वरून बघून नाही. बाजूने बघायचं. पट्टीची कड पुढच्या पट्टीवर चढलेली दिसते का? शंका असेल तर पिनच्या टोकाने हळूच दाबायचं. वाळलेला नमुना फसवतो, कारण वाळल्यावर सगळ्याच माश्यांचं पोट कडक होतं. म्हणून हे मी आता नेहमी ताज्या माशीवर बघते आणि वहीत त्याच दिवशी लिहून ठेवते.

रुईची माशी: एकजीव. म्हणजे डॅकस.

इथपर्यंत आलं की घाबरायला होतं. कारण डॅकस प्रजातीतच डॅकस सिलिएटस आहे, काकडीवर्गीय पिकांची चांगली त्रासदायक माशी. नुसतं प्रजातीचं नाव लिहून अहवाल दिला तर वाचणारा सहज म्हणेल, अरे, बांधावरच्या तणात पिकाची कीड वाढतेय. आबांची कुऱ्हाड तयारच होती.

पुढचा उलगडा मादीने केला. रुईच्या माशीच्या मादीची अंडनळी कमालीची लांब असते. बॅक्ट्रोसेराच्या माद्यांशेजारी ठेवली तर वेगळी सांगावीच लागत नाही. असं का असावं? रुईचं फळ चिरलंत तर लक्षात येईल: बाहेर साल, मग जाड, हवा भरलेला स्पंजसारखा थर, त्यात चिकाच्या नसा आणि पार मधोमध बिया. मला पटणारं स्पष्टीकरण असं की बियांच्या जवळ अंडी पोचवायला एवढी लांब नळी लागत असावी. पक्कं सिद्ध करायचं तर मादी टोचत असताना फळ जागच्या जागी गोठवून कापावं लागेल. मी प्रयत्न केला. माशी उडून जाते.

ही लांब अंडनळी, पोटाची ठेवण आणि यजमान वनस्पती, तिन्ही एकत्र घेतल्यावर तक्ता एका नावापाशी थांबतो: डॅकस पर्सिकस. इंग्रजीत हिला "आक फ्रूट फ्लाय" म्हणतात. आक म्हणजे रुईच. आपल्या शेजारी गुजरातीत आकडो म्हणतात तोच शब्द. मराठीत हिला नाव नाही. मी आपली रुईमाशी म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की! नाव मिळालं. पण जुने संदर्भ उघडल्यावर डोकं फिरतं, कारण भारतातल्या रुईवरच्या माशीच्या जुन्या नोंदी पर्सिकस या नावाखाली मिळतच नाहीत. त्या मिळतात 'लेप्टॉक्सिडा लाँगिस्टायला' किंवा 'डॅकस लाँगिस्टायलस' या नावाखाली. राजस्थानच्या वाळवंटातल्या आकड्यावर झालेली निरीक्षणंसुद्धा त्याच नावाने आहेत. मग या दोन माश्या की एकच?

गोष्ट अशी आहे. १८३० साली व्हीडेमान या जर्मन कीटकतज्ज्ञाने डॅकस लाँगिस्टायलस हे नाव दिलं. लाँगिस्टायलस म्हणजे "लांब सुईवाली", अर्थात अंडनळीवरून. ती माशीही रुईवरच वाढते. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९२७ मध्ये, व्हिएन्नाच्या फ्रीडरिश हेंडेलने डॅकस पर्सिकस हे नाव दिलं. पर्सिकस म्हणजे पर्शियाची, इराणची. (आंब्याच्या माशीला डॉर्सालिस हे नाव १९१२ मध्ये तैवानच्या नमुन्यांवरून देणाराही हाच हेंडेल. माणसाचा हात सगळीकडे आहे.) भारतातल्या लोकांना रुईवर लांब सुईवाली माशी दिसली आणि त्यांनी तिला आधीपासून असलेलं नाव लावलं. त्यात चूक म्हणावी असं काही नव्हतं. एकच झाड, एकच सवय, तशीच सुई. आज मात्र लाँगिस्टायलस ही आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडची जाती मानली जाते आणि इराण-पाकिस्तान-भारताकडची ती पर्सिकस. म्हणजे आपल्याकडचं जुनं लिखाण वाचताना नाव वाचायचं एक आणि समजायचं दुसरं.

तुम्हाला वाटेल, एवढा काथ्याकूट कशाला. मलाही सुरुवातीला वाटायचं. पण नावाबरोबर माहिती चालत येते. जुन्या निबंधात लिहिलेलं असतं की ही माशी अमुक झाडावर वाढते, अमुक महिन्यात दिसते, अमुक गांधीलमाशी तिच्या अळीवर परजीवी आहे. नाव चुकलं की ती सगळी माहिती दुसऱ्याच माशीच्या खात्यावर जमा होते. बँकेत आडनाव सारखं म्हणून तुमचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले तर चालेल का?

आणि उलटंही होतं, म्हणजे एकाच माशीला चार नावं. २००३ मध्ये केनियात एक नवीन फळमाशी सापडली. आंब्याचा फडशा पाडत ती आफ्रिकेभर पसरली. २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स असं स्वतंत्र नाव मिळालं. आग्नेय आशियातल्या पपईच्या माशीला १९९४ पासून बॅक्ट्रोसेरा पपाये असं वेगळं नाव होतं. वेगळं नाव म्हणजे वेगळी कीड, म्हणजे निर्यातीचे वेगळे नियम. पुढे अनेक देशांतल्या संशोधकांनी त्यांचे आकार, जनुकं, नरांचे वास आणि एकमेकांशी होणारं मीलन असं सगळं तपासलं आणि २०१५ मध्ये सांगितलं की इन्व्हेडन्स, पपाये या वेगळ्या नाहीतच. ती आपली जुनी डॉर्सालिस. पपईच्या शेतकऱ्याला माश्या तेवढ्याच, पण कागदावरच्या दोन किडी एका दिवसात नाहीशा झाल्या.

"मग डीएनए का नाही बघत सरळ?" हा प्रश्न घरच्यांपासून सगळे विचारतात. बघते की. माशीचा एक पाय पुरतो. त्यातून मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जागतिक संग्रहातल्या तुकड्यांशी ताडून बघायचा. २००३ पासून याला डीएनए बारकोड म्हणतात, दुकानातल्या वस्तूवर असतो तसा. पण दोन अडचणी आहेत. पहिली, काही जवळच्या जातींमध्ये हा तुकडा इतका सारखा असतो की फरक कळतच नाही. डॉर्सालिसच्या नात्यागोत्यात हेच होतं. दुसरी जास्त साधी आहे. संग्रहातल्या तुकड्याला नाव कुणी दिलं? कुणीतरी माशी भिंगाखाली बघूनच ना? त्याने माझ्यासारखी चार तासांची माशी बघितली असेल तर? यंत्र तुम्हाला आत्मविश्वासाने चुकीचं नाव सांगेल. कमी अभ्यासलेल्या माशीचे संग्रहात मुळातच थोडे तुकडे असतात, त्यामुळे एका चुकीचं वजन जास्त.

म्हणून पाय तोडलेली माशी मी फेकत नाही. ती पिनवर लावायची, खाली चिठ्ठी: जागा, तारीख, कोणत्या झाडाच्या फळातून, कुणी जमवली. मादी असेल तर पोटाचं टोक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून अंडनळी बाहेर काढायची, ग्लिसरीनमध्ये बघायची आणि बारीक नळीत घालून त्याच पिनला अडकवायची. डीएनएचा तुकडा आणि ही माशी यांचा क्रमांक एकच. उद्या कुणाला माझं म्हणणं पटलं नाही तर त्याने माशी मागून घ्यावी आणि मला खोटं पाडावं. तशी सोय नसेल तर त्या नावाला काही किंमत नाही. अशा नमुन्यांसाठी बंगळूरला कृषी कीटक संसाधनांचा राष्ट्रीय ब्यूरो आहे, दिल्लीला पुसा संस्थेचा संग्रह आहे, आणि आपल्या जवळ म्हणजे पुण्यात आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम केंद्र.

डीएनएचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी झाला, नात्यागोत्याच्या प्रश्नात. कारल्यावरच्या कुकुर्बिटी माशीला माझ्या बीएस्सीच्या पुस्तकात बॅक्ट्रोसेरा म्हटलं होतं. झ्युगोडॅकस ही तेव्हा बॅक्ट्रोसेरातली उपप्रजाती होती. जनुकांच्या तुलनेत दिसलं की झ्युगोडॅकसचा गट बॅक्ट्रोसेरापेक्षा डॅकसला जवळचा आहे, आणि २०१५ मध्ये तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. आता गंमत बघा. दिसायला कारल्याची माशी आंब्याच्या माशीसारखी, पोटाच्या पट्ट्याही तशाच सुट्या. पण नात्याने ती बांधावरच्या रुईमाशीला जवळची! आपण रूपावरून चुलत भाऊ ठरवतो आणि सख्खे वेगळेच निघतात.

डॅकसच्या घरातही असंच काहीसं आहे. आफ्रिकेतल्या डॅकस जातींवर २००९ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं की शरीराच्या ठेवणीवरून पाडलेल्या उपप्रजाती जनुकांशी जुळत नाहीत. जुळतं काय, तर साधारणपणे आहार: काकडीवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या एका बाजूला, आणि रुईच्या नातलग झाडांवर व कृष्णकमळाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या दुसऱ्या बाजूला. (रुईचं स्वतःचंही असंच झालं. आधी तिचं वेगळं कुळ होतं, आता तिला कण्हेरीच्या कुळात घातलंय. वनस्पतीवाले आमच्याहून बरे आहेत असं समजू नका.) मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण रुई खाणं ही गंमत नाही. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत. जनावरं तिला तोंड लावत नाहीत. ते विष पचवणारे मोजकेच कीटक आहेत: रुईवरचा तो निळा-पिवळा रंगीत नाकतोडा, पिवळा मावा, कडव्या फुलपाखरांच्या अळ्या, भुंगा आणि ही माशी. जो कीटक या झाडावर जगायला शिकला तो सहसा तिथेच राहतो.

आणि त्यातूनच आबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पर्सिकसच्या खात्रीच्या नोंदी रुईच्या दोन जातींवरच आहेत. पिकलेल्या पपईत अळ्या सापडल्या तर संशय घ्यायचा डॉर्सालिसचा, बांधावरच्या माशीचा नाही. मिथाइल युजेनॉलचा सापळा लावला की डॉर्सालिस, झोनाटा, करेक्टा यांचे नर धावत येतात. हा वास तुळशीतही असतो. १९१२ मध्ये बिहारातल्या पुसा इथे हाउलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेला तेलाकडे येणाऱ्या फळमाश्या बघितल्या आणि तीनेक वर्षांत त्यातला नेमका पदार्थ शोधला. जगभरात आज वापरला जाणारा हा सापळा मूळचा आपल्याकडचा आहे. माझ्या अशा सापळ्यांत रुईमाशी एकदाही पडली नाही. मिळाली ती फळातूनच.

नाव पक्कं असण्याची गरज सगळ्यात जास्त कुणाला आहे माहितीये? ऑस्ट्रेलियाला. तिथे रुई, तीही आपल्याकडच्या कोरड्या भागात वाढणारी मोठ्या फळांची जाती, परकी आहे. उंटांच्या खोगिरांत भरलेल्या तिच्या कापसातून बी आलं असं सांगतात. उत्तरेकडच्या कुरणांत ती बेसुमार पसरलीय. तोडून, फवारून आटपत नाही. तेव्हा क्वीन्सलंडमधल्या शास्त्रज्ञांनी विचार केला की तिच्या मूळ प्रदेशातल्या बिया खाणाऱ्या कीटकांनाच आणलं तर? २०१४ मध्ये त्यांनी जे उमेदवार पुढे ठेवले त्यांत आपल्याकडचा सोंड्या भुंगा आहे, आपल्याकडची पर्सिकस आहे आणि मध्यपूर्वेतली लाँगिस्टायलसही आहे. आपण जिला चिरलेल्या फळात बघून नाक मुरडतो ती तिथे कामाला लावायचा विचार चाललाय.

पण विचार करा, परक्या खंडावर फळमाशी मुद्दाम सोडायची! ती काकडीवर गेली तर? टरबुजावर गेली तर? म्हणून असा कोणताही कीटक सोडण्याआधी बंदिस्त जागेत तपासतात. वेगवेगळ्या झाडांवर ती अंडी घालते का, अळ्या जगतात का, हे वर्षानुवर्षं चालतं. आणि त्या चाचण्यांना अर्थ तेव्हाच, जेव्हा पिंजऱ्यातली माशी आणि चिठ्ठीवरचं नाव एकच असेल. लाँगिस्टायलस म्हणून लिहिलेली जुनी भारतीय निरीक्षणं कुठल्या माशीची, हा प्रश्न मग ग्रंथालयातला राहत नाही.

नंदुरबार यात का महत्त्वाचं, तर इथे एकाच जिल्ह्यात तापीकाठची बागायत, कोरडे माळ आणि सातपुड्याचे डोंगर आहेत. रुईच्या दोन्ही जाती भेटतात. एक जांभळ्या टोकांच्या उभ्या पाकळ्यांची, फुगीर फळांची. दुसरी पसरट पाकळ्यांची, लांबट फळांची. दोन्हींतून येणाऱ्या माश्या खरंच एकच जाती आहेत का? अंडनळीची लांबी फळाच्या जाडीप्रमाणे बदलते का? सध्या मी माद्यांच्या सुया मोजत बसलेय. पाठ दुखते, पण काम आवडतं.

आबांकडे मी पुन्हा गेले होते. सांगितलं की रुईतली माशी वेगळी, तुमच्या पपईवर ती येत नाही. पिकून गळलेली फळं मात्र बागेत ठेवू नका. वेचून खोल पुरा, तिथे खरी फळमाशी वाढते. त्यांनी ऐकून घेतलं. रुई निम्मी तोडलेली होतीच, गुरांना वाट हवी म्हणून. "उरलेली ठेवू का मग?" म्हणाले. मी म्हटलं, ठेवा आबा, माझी फळं आहेत त्याच्यावर.

तुम्ही तापीच्या अलीकडे-पलीकडे कुठे राहत असाल आणि या उन्हाळ्यात रुईचं फळ चिरलंत तर एवढं करा: झाडाच्या फुलाचा एक फोटो, चिरलेल्या फळाचा एक, आणि गावाचं नाव व तारीख लिहून ठेवा. अळीला डोकं दिसतंय की नाही तेही बघा. आणि हात धुवा.